गुरगुरला म्हणून परत देऊ नका

दत्तक दिलेला कुत्रा परत घ्या, असा फोन आमच्या निवाऱ्यात पहिल्या दोन दिवसांत फारसा येत नाही. तो येतो महिना-दीड महिन्याने. तोवर सगळं छान चाललेलं असतं. "अगदी गुणी आहे हो, भुंकतसुद्धा नाही," असे निरोप येतात, फोटो येतात. मला या गुणीपणाची धास्तीच वाटते. मोठा कुत्रा नव्या घरात सुरुवातीला गप्प असतो, कारण तो बावरलेला असतो. या कामातली माणसं एक ढोबळ हिशेब सांगतात: बावरलेपण उतरायला 3 दिवस, घराची रीत कळायला 3 आठवडे आणि हे आपलं घर असं वाटायला 3 महिने. कुत्र्यागणिक फरक पडतो, पण खरा स्वभाव दिसायला वेळ लागतो हे नक्की. गप्प कुत्रा बोलायला लागतो तेव्हाच घरातली माणसं घाबरतात.

यंदाची भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच बडोद्याच्या दांडिया बाजारातून फोन आला. घरातल्या सूनबाई बोलत होत्या, आवाज कापत होता. "ताई, भुऱ्या काल मुलावर गुरगुरला. दात दाखवले त्याने. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. मला हा कुत्रा घरात नको. आजच घेऊन जा."

"मी निघतेच," मी म्हटलं. "तोवर दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा. आणि वहिनी, भुऱ्याला कोणी रागवू नका, मारू नका."

भुऱ्या आमच्याकडे आला तो 2024 च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर. विश्वामित्री नदी शहरात शिरली होती, तळमजले बुडाले होते, वस्तीत मगरी आल्या होत्या. पाणी ओसरल्यावर जे कुत्रे आले त्यांत हा होता: तपकिरी अंग, काळं तोंड, लोंबते कान आणि गळ्याभोवती पट्ट्याने केस झिजलेली जागा. आमच्या गुजराती पोरांनी त्याला 'भुरियो' हाक मारायला सुरुवात केली. कोणीतरी 'बेस' म्हणालं तर हा लगेच खाली बसला. म्हणजे घरातलाच होता. त्याचा फोटो आम्ही गावभर फिरवला, पण न्यायला कोणी आलं नाही. दातांवरचं किटण आणि सुळ्यांची झीज पाहून डॉक्टरांनी वय पाच-सहा वर्षं सांगितलं. गोचीडताप होता, त्यावर डॉक्सीसायक्लिनचा कोर्स झाला. नसबंदी झाली, रेबीजची आणि इतर लसी झाल्या. मग तो बसून राहिला. येणारा प्रत्येक जण पिल्लाच्या जाळीपुढे थांबायचा आणि याच्यासमोरून पुढे जायचा. ते बघताना मला आजही त्रास होतो.

लोक विचारतात, नसबंदी झाली की सोडून का देत नाही? रस्त्यावरचा कुत्रा 2023 च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरणानंतर जिथून उचलला तिथेच परत सोडायचा असतो. भुऱ्याला 'तिथे' असं काही नव्हतंच. दत्तक जायला थांबलेले मोठे कुत्रे बहुतेक असेच, घर होतं आणि गेलं.

यंदा गणपतीचं विसर्जन झाल्यावर दांडिया बाजारातले काका आले, बँकेतून निवृत्त झालेले. ते आल्या आल्याच म्हणाले, "पिल्लामागे धावायचं बळ नाही आता. वयाने मोठा असेल तो दाखवा." नंतरही ते दोन-तीनदा येऊन नुसते भुऱ्याशेजारी बसून गेले. घरातली सगळी माणसं, नातवासकट, भेटल्याशिवाय आम्ही कुत्रा देत नाही. सगळे भेटले. नवरात्राचे लाउडस्पीकर आणि दिवाळीचे फटाके या काळात आम्ही कोणालाच नवीन घरी पाठवत नाही, म्हणून त्याआधीच भुऱ्या गेला.

मी पोचले तेव्हा दारात आकाशकंदील अजून लटकत होता आणि घर मात्र सुतकासारखं गप्प. काकू म्हणाल्या, "इतकं केलं त्याचं, पण शेवटी जनावर ते जनावरच." काका काहीच बोलले नाहीत. भुऱ्या माजघरात पलंगाखाली होता. मी जमिनीवर बसले, त्याच्याकडे तोंड न करता, जरा तिरकी, आणि हाक मारली नाही. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला, माझा हात हुंगला, शेजारी बसला. डोकं उजवीकडे कललेलं होतं. डाव्या बाजूने मान खाजवली तर डोळे मिटून घेतले. हात उजव्या कानाकडे गेला मात्र, त्याचं धापणारं तोंड मिटलं, जीभ नाकावरून फिरली, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसलं आणि अंग ताठ झालं. मी हात मागे घेतला. तेवढ्यातही कानाचा वास आला, आंबलेल्या पिठासारखा.

"काल नक्की काय झालं?" मी नातवाला विचारलं. मोठ्यांनी त्याला बोलू दिलं, हे फार बरं झालं. आतेबहिणीने त्याला ओवाळलं, मग तिला भुऱ्यालाही कुंकू लावायचं होतं. भुऱ्या तोंड फिरवत होता. म्हणून याने त्याचं डोकं दोन्ही हातांनी, कानांपाशी, घट्ट धरून ठेवलं.

"आधी जांभया देत होता का रे?"

"हो. आणि ओठ चाटत होता. त्याला पेढा हवा होता."

त्याला पेढा नको होता. तोंड फिरवणं, जांभई, ओठ चाटणं, मग ताठ होणं, हे सगळं कुत्र्याचं 'पुरे' असतं. ते कोणी ऐकलं नाही तर तो गुरगुरतो. तेही ऐकलं नाही तर मग दात लागतो. भुऱ्याने एकही पायरी गाळली नव्हती, आणि गुरगुरून तो स्वतःच मागे सरकून पलंगाखाली गेला होता.

कानाचं कारण काकांनीच सांगितलं. नरकचतुर्दशीला पहाटे त्यांनी भुऱ्यालाही अभ्यंगस्नान घातलं होतं. तेल, उटणं, डोक्यावरून तांब्याने कोमट पाणी. एवढ्या मायेने कोणी कुत्र्याला न्हाऊ घातल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. पण कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते, त्यामुळे गेलेलं पाणी सहज बाहेर येत नाही. त्यात कान लोंबता असला की वारा लागत नाही. वर दिवाळीभर फटाके. त्या भीतीचा ताण एका रात्रीत उतरत नाही, आणि ताणात असलेल्याची सहनशक्ती आधीच संपत आलेली असते.

काकू आतून लसूण घालून कोमट केलेलं तेल घेऊन आल्या. मी हात जोडून थांबवलं. पडदा शाबूत आहे की नाही हे पाहिल्याशिवाय कानात काहीही घालायचं नसतं. घरातली ताप-अंगदुखीची गोळीही नको, आयबुप्रोफेन कुत्र्याला विषासारखं बाधतं.

दुपारी रिक्षाने आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलं. काका, मी आणि सूनबाईसुद्धा. त्या स्वतःहून आल्या. तोंडाला जाळी बांधून डॉक्टरांनी कान तपासला. नळी लालबुंद सुजलेली, तपकिरी मळ, पडदा शाबूत. मळाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर बुरशी भरलेली. डॉक्टरांनी सूनबाईंना भिंगातून बघायला सांगितलं. त्या बराच वेळ बघत होत्या. कान धुवायचं औषध, थेंब, दुखण्यावर कुत्र्यांसाठीची गोळी, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी.

बाहेर बाकावर बसल्यावर त्यांनी मला सरळ विचारलं, "आणि पुढच्या वेळी चावला तर?"

कधीच चावणार नाही, अशी हमी मी कुठल्याच कुत्र्याची देत नाही. मी म्हटलं, "वहिनी, लहान मुलांना बहुतेक वेळा ओळखीचाच कुत्रा चावतो. म्हणून मोठं माणूस जवळ नसताना मूल आणि कुत्रा एका खोलीत ठेवायचे नाहीत. या दोघांसाठी नव्हे, कुठल्याही दोघांसाठी. माजघराच्या दाराला मुलांसाठीचं छोटं फाटक लावा. त्याच्या जागेवर गेला की कोणी त्याच्याकडे जायचं नाही. दात लागलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि दवाखाना गाठायचा, कुत्र्याला लस असली तरी. पण गुरगुरला म्हणून त्याला मारलंत, तर तो गुरगुरणं सोडेल आणि दुखणं तसंच राहील. मग एक दिवस आवाज न करता चावेल. मला त्या कुत्र्याची भीती वाटते, याची नाही."

आणि हेही सांगितलं, की तरीही नको वाटत असेल तर मी आत्ता याच रिक्षातून त्याला घेऊन जाते, तुम्हाला कोणी बोल लावणार नाही. हे मी मनापासून म्हणते. परत द्यायची लाज वाटते म्हणून लोक कुत्र्याला हायवेवर सोडून येतात. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात हा गुन्हा आहे, आणि पहिल्या वेळचा दंड आहे कमीत कमी 10 आणि जास्तीत जास्त 50 रुपये. एवढ्याने कोण थांबणार?

सूनबाई म्हणाल्या, "कान बरा होईपर्यंत राहू दे. मग बघू." मला तेवढं पुरेसं होतं. बाई आपल्या मुलासाठी घाबरल्या होत्या, आणि त्यात काही चूक नव्हतं.

थेंब घालायचं काम त्यांनीच घेतलं. आधी नुसती बाटली दाखवून उकडलेल्या चिकनचा तुकडा, मग कानाला हात लावून तुकडा, मग थेंब. मी घाई करू नका म्हटलं होतं. त्यांनी माझ्यापेक्षा जास्त धीर धरला.

दुसऱ्या तपासणीला कान स्वच्छ निघाला. त्यानंतर एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. माझ्या पोटात गोळाच आला. "ताई, आज जेवताना हा त्याच्या ताटलीजवळ गेला, तर भुऱ्या पुन्हा गुरगुरला," त्या म्हणाल्या. "मी उठायच्या आतच मुलगा मागे सरला आणि मला सांगायला आला, आई, त्याला आत्ता नको आहे." आता भुऱ्याचं जेवण फाटकापलीकडे वाढतात. पुढच्या महिन्यात त्याची वर्षाची लस आहे. त्याला सूनबाईच घेऊन येणार आहेत, काकांना जमो न जमो.