भिंतीवरचं गॅस्केट

नाशिकच्या पेठ रोडला आमच्या गॅरेजात शिरलात की समोरच्या भिंतीवर, देवाच्या फोटोशेजारी, एक जुनं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामध्ये बसणारं पातळ पॅकिंग, खिळ्याला लटकवलेलं दिसेल. नवीन गिऱ्हाईक विचारतं, हे काय? जुनी माणसं विचारत नाहीत. त्यांना ते प्रकरण माझ्यापेक्षा जास्त तिखटमीठ लावून सांगता येतं. आज ते माझ्या तोंडून ऐका.

2006 साली आम्ही दोघांनी सुरुवात केली. मी डिझेल मेकॅनिक आणि मामा रेडिएटरवाले. मामा माझे नात्याने कुणी नव्हेत, पण अख्खा पेठ रोड त्यांना मामाच म्हणतो. पत्र्याची शेड, भाडं निम्मं निम्मं. माझ्याकडे पान्यांचा एक संच आणि एक टॉर्क रेंच. तो अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारातून घेतलेला (तो बाजार 2017 मध्ये महापालिकेने हटवला, पण तिथल्यासारखी हत्यारं पुन्हा मिळाली नाहीत). मामांकडे ब्लो लॅम्प, कथलाच्या कांड्या, नवसागर आणि सिमेंटचा एक हौद. त्या वेळी रेडिएटर तांब्यापितळेचे असत. मामा टाकी उकलायचे, एकेका नळीतून पोलादी पट्टी फिरवून क्षार खरवडून काढायचे, टाकी परत झाळायचे आणि हवा भरून हौदात बुडवायचे. बुडबुडा दिसला की तिथे बोट ठेवून म्हणायचे, "हा बघ, इथे बसलाय चोर."

पुढे अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीचे आणि प्लॅस्टिक टाकीचे रेडिएटर आले. ते झाळता येत नाहीत, दाबून बसवलेले असतात. फुटला की बदला. मामांचं काम महिन्यागणिक कमी होत गेलं, पण हौद त्यांनी मोडू दिला नाही.

आता ते प्रकरण. 2014 चा एप्रिल. कांद्याच्या एका व्यापाऱ्याच्या चार पिकअप आमच्याकडे असायच्या. त्यातली एक तापायला लागली. गावात फिरवली तर काटा मधोमध. माल भरून हायवेला लागली की लाल पट्ट्यात. मी सकाळी थंड इंजिनावर झाकण उघडून गाडी चालू केली. पाण्यात बारीक बुडबुडे. वरचा होज पाईप एका मिनिटात दगडासारखा कडक. इंजिन अजून गरमही झालेलं नाही आणि पाईप कडक, म्हणजे सिलिंडरमधला दाब पाण्यात उतरतोय. गॅस्केट गेलं, विषय संपला.

मामा तेव्हा हौदाशी बसले होते. म्हणाले, "आधी जाळी खोलून बघ रे. मार्केटमध्ये उभी राहणारी गाडी आहे."

मी काय बोललो ते आजही कानात आहे. म्हणालो, "मामा, तो पितळेचा जमाना गेला."

हेड उतरवलं. गॅस्केट दोन आणि तीन नंबरच्या मध्ये जळून काळं पडलेलं. हेडवर स्ट्रेट एज ठेवली, खालून फीलर गेज घातला. 0.12 मिलिमीटरची पाती सरळ आत गेली, म्हणजे हेड वाकलेलं. तो आकडा त्या दिवशीच्या वहीत पेनाने लिहिलेला आहे, कुणालाही दाखवतो. फेसिंग करून, म्हणजे मशीनवर घासून सपाट करून आणलं, नवीन गॅस्केट टाकलं, बोल्ट क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळले. बिल साडेअठरा हजार. व्यापारी म्हणाला, महिनाअखेर देतो.

तिसऱ्या दिवशी गाडी चांदवडच्या पुढे राहूड घाटात उकळली.

तिथून ती माझ्याकडे आलीच नाही. आमच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, त्याच वर्षी एक गॅरेज उघडलं होतं. मोठा बोर्ड, स्कॅनर, पोरांना एकसारखे टी-शर्ट. नाव घेत नाही. समोरच्यांनी पुढची जाळी काढली, इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) सोडवला, तर इंटरकूलर आणि रेडिएटरच्या मधल्या बोटभर फटीत कांद्याची फोलपटं गच्च. लिलावाच्या रांगेत गाडी तासन्‌तास चालू उभी, फॅन समोरून हवा ओढतो, हवेबरोबर फोलपट ओढतो. वरून थोडं तेल, थोडी धूळ. त्याचा पार लगदा होऊन गादी झालेली. त्यांनी पाईपने पाणी मारलं, अर्धी बादली कचरा निघाला, गाडी थंड. पंधरा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी मार्केटात एकच वाक्य फिरत होतं: यांनी हेड खोललं, त्यांनी नळी धरली.

आता मला सांगा, 0.12 वाकलेलं हेड नुसत्या पाण्याने सरळ झालं असतं का? फोलपटांमुळे गाडी महिनाभर तापत होती, तापून हेड वाकलं, हेड वाकून गॅस्केट गेलं. मी फेसिंग केलं नसतं तर समोरच्यांनी अख्खी गोदावरी ओतली असती तरी ती गाडी उकळतच राहिली असती. दुखणं मी बरं केलं, कारण त्यांनी काढलं. शाबासकी कारणाला मिळाली. पण कारण आधी शोधायचं होतं आणि ते मला मामांनी तोंडावर सांगितलं होतं, हेही खरं.

साडेअठरा हजार बुडाले ते बुडाले. चारही पिकअप पलीकडे गेल्या, त्यांच्या ओळखीने आणखी सात-आठ. दिवाळीपर्यंत माझी दोन पोरं टी-शर्ट घालून रस्त्याच्या पलीकडे दिसायला लागली. सकाळी शटर वर करायचं, हत्यारं पुसायची, संध्याकाळी शटर खाली. तीन महिन्यांचं भाडं थकलं. शेडमालक आला तेव्हा मी मागच्या बाजूला लपलो होतो, लिहायला लाज वाटते पण लपलो होतो. बाहेर आलो तर मामा पैसे मोजून देत होते. मागच्या भिंतीला त्यांच्या जुन्या पितळी टाक्यांची चळत लागलेली असायची, वीस वर्षांची जमवाजमव. ती जागा रिकामी होती. मी काही विचारलं नाही. तेही बोलले नाहीत. ते गॅस्केट मी त्याच संध्याकाळी खिळ्याला लावलं.

त्या पडत्या काळात एकच गिऱ्हाईक टिकलं. दिंडोरीकडचे नाना. स्वतःची भाजी, स्वतःची पिकअप, रात्री वाशी मार्केट आणि येताना भिवंडीहून मिळेल ते भाडं. त्यांची गाडी जाताना कधीच तापायची नाही. येताना, कसारा घाट चढताना, हमखास. नानांनी चार ठिकाणी दाखवून झालं होतं. एकाने वॉटर पंप बदलला, एकाने रेडिएटर, समोरच्यांनी थर्मोस्टॅट वॉल्वच (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारा) काढून फेकला.

इथे थोडं थांबतो. वॉल्व काढणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे. बऱ्याच डिझेल इंजिनांत तो वॉल्व उघडताना दुसऱ्या तोंडाने बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायमची उघडी, थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाता तसंच इंजिनात फिरतं. थंडीत इंजिन नीट गरम होत नाही, डिझेल जास्त खातं, आणि घाटात उलटं जास्त तापतं. वॉल्वचा संशय असेल तर पातेल्यात पाणी उकळायला ठेवा, वॉल्व दोऱ्याला बांधून सोडा. साधारण 82 अंशांच्या आसपास उघडायला लागला पाहिजे. उघडला नाही तर नवीन टाका, पण टाका.

नानांना नवीन वॉल्व टाकून दिला. प्रेशर टेस्टर लावला, हातपंपाने एक किलोचा दाब दिला, काटा अर्धा तास हलला नाही. गळती नाही, बुडबुडे नाहीत, फॅन ठीक, जाळी साफ (या वेळी ती आधी बघितली). गॅरेजात गाडीला काही नाही. नाना म्हणाले, "भाऊ, तिला घाटातच ताप येतो. तू घाटात ये ना मंग."

मग गेलो. जानेवारी 2015, रात्री मेथी आणि कोथिंबीर घेऊन वाशी, सकाळी भिवंडीला दीड टन प्लॅस्टिकचा माल भरला आणि परत. माझ्या मांडीवर टेम्परेचर गन. कसारा मागे पडला, गाडी दुसऱ्या गिअरला आली, आणि काटा चढायला लागला. नानांनी कडेला घेतली, चाकाला दगड लावला, इंजिन चालूच ठेवलं. वरच्या होज पाईपवर गन धरली: 104. खालच्यावर: 66.

वरचा आणि खालचा दोन्ही सारखेच कडक गरम असतील तर पाणी फिरतंय पण थंड होत नाही, म्हणजे हवेचा दोष: जाळी, फॅन, फॅनचं कव्हर. दोन्हींत एवढी तफावत असेल तर पाणी फिरतच नाहीये. पण पंप नवा, वॉल्व नवा, रेडिएटर नवा. मग अडलं कुठे? मी नानांना म्हणालो, जागेवरच तीन हजारांपर्यंत रेस करा. त्यांनी पाय दाबला आणि माझ्या डोळ्यांसमोर खालचा होज पाईप चपटा झाला. नुसता दबला नाही, केळीच्या सोपटासारखा आतून चिकटला. रेस सोडली, परत गोल. पुन्हा दाबली, पुन्हा चपटा.

वॉटर पंप खालच्या पाईपमधून पाणी ओढतो. म्हणून त्या पाईपच्या आत तारेची स्प्रिंग असते. पंप बदलताना कुणीतरी पाईपही बदलला होता, बिनस्प्रिंगचा, पातळ रबराचा. गॅरेजात थोडी रेस करून तो धरायचा. तापून मऊ झाला आणि चढावर पंपाने जोर केला की बसायचा. दोनशे रुपयांच्या आतली वस्तू, तिच्यापायी रेडिएटर आणि पंप मिळून वीसेक हजार गेले होते.

इगतपुरीला घाटनदेवीपाशी गाडी थंड करत थांबलो. नानांनी चहा सांगितला आणि दिंडोरीतल्या सहा जणांना फोन लावले, सगळे पिकअपवाले. "पेठ रोडला जा. हा माणूस घाटात येतो." त्या सहापैकी पाच अजून आमच्याकडे आहेत. सहाव्याने गाडी विकली.

पुढची वर्षं बरी गेली, सांगण्यासारखं काही नाही. लॉकडाऊनमध्ये भाजीच्या गाड्या चालूच होत्या, त्यामुळे आम्हीही होतो. बीएस-सिक्स गाड्या आल्यावर नवीन डोकेदुखी म्हणजे ईजीआर कूलर, इंजिनात परत सोडायचा धूर पाण्याने थंड करणारा. तो आतून गळतो, पाणी सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं, खाली एक थेंब दिसत नाही. पाणी कमी होतंय पण गळत नाही अशी गाडी आली की आम्ही हेडला हात लावण्याआधी कूलर बंद करून दाबावर तपासतो. शेवटी आम्हीही स्कॅनर घेतला. मामांनी त्याला अजून हात लावलेला नाही.

विचारलं नाहीत तरी सांगतो. बोअरचं पाणी रेडिएटरला घालू नका. आपल्याकडच्या बोअरला क्षार किती ते घरच्या गिझरला विचारा. कूलंट निम्मं, बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी निम्मं. झाकण स्वस्तातलं टाकू नका: नाशिकच्या उंचीवर उघडं पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं, झाकणाने दाब धरला तर 115 च्या पुढे जातं. गरम गाडीचं झाकण उघडू नका, माझ्या उजव्या हातावर कोपरापर्यंत पुरावा आहे. तापलेल्या इंजिनावर गार पाण्याची बादली ओतू नका, हेडला तडा जातो. काटा चढला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू. मे महिन्यात शिव्या द्याल, पण तो हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच आहे, ती गरमी केबिनमध्ये आली म्हणजे इंजिनातून गेली.

मामा आता अकराला येतात, हौदाशी खुर्ची टाकून बसतात. मार्केटची गाडी आत आली की माझ्याकडे बघत नाहीत, जाळीकडे बघतात. मी पोराला सांगतो, आधी जाळी खोल.

समोरचं गॅरेज अजून आहे. गेल्या महिन्यात त्यांचा एक पोऱ्या आला, म्हणाला, शेठने प्रेशर टेस्टर मागितलाय, तासाभरात देतो. मी दिला. मामा म्हणाले, लिहून ठेव. मी तारीख, वेळ सगळं त्याच वहीत लिहिलं. आज सव्वीस दिवस झाले.