मास्कवरचा ओरखडा

सकाळी सहाची आइस हॉकीची प्रॅक्टिस. बाहेर टोरोंटोची उणे बारा, आत रिंकवर बर्फ. थर्मासमधला चहा दहा मिनिटांत संपला आणि मी बाकावर कुडकुडत बसलो. लेक गोलमध्ये. एक पक (रबराची कडक चकती) सण्णकन आला तो थेट तिच्या तोंडावर. माझा जीव गळ्याशी! ती मात्र डोकं झटकून पुन्हा वाकून उभी. घरी येऊन पाहिलं तर मास्कच्या जाळीवर काळ्या रबराचा बोटभर ओरखडा.

जाक प्लांत आठवला. मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या हॉकी संघाचा गोली, म्हणजे गोलकीपर. १ नोव्हेंबर १९५९, न्यूयॉर्क. समोरच्या संघातल्या अँडी बाथगेटचा फटका तोंडावर बसला, रक्तबंबाळ. तेव्हा गोली उघड्या तोंडानेच खेळायचे (धाडस म्हणा, मी वेडेपणा म्हणतो). टाके घालून घेतले आणि मास्कशिवाय उतरणार नाही म्हणून हा अडून बसला. प्रशिक्षक टो ब्लेकना मास्क अजिबात पसंत नव्हता, पण राखीव गोलीच नव्हता, करतात काय! सामना ३-१ असा जिंकला. पुढे त्याच मोसमात संघाला सलग पाचवा स्टॅनले कप, हॉकीतला मानाचा चषक.

मला त्याची दुसरीच गोष्ट जास्त आवडते. दमेकरी, अकरा भावंडांत थोरला आणि फावल्या वेळात चक्क लोकरीच्या टोप्या विणायचा.

संध्याकाळी ओल्या फडक्याने तो ओरखडा पुसायला घेतला, तर आतून ओरडली, "बाबा, राहू दे ना तो!"