टीप आता सरळ येते

मी कळव्यात फ्लेक्स छापतो. माझ्याआधी बाबा ब्रशने पाट्या रंगवायचे. पाटीवरच्या मजकुराला आमच्या धंद्यात मॅटर म्हणतात. गिऱ्हाईक आलं की मी आधी माप विचारतो. बाबा आधी मॅटर विचारायचे, आणि ते ऐकून घ्यायला त्यांचा अर्धा तास सहज जायचा.

मागच्या दिवाळीच्या आधी मनीषानगरच्या एक मावशी दुकानात आल्या. घरीच फॉल-पिको करतात. खिडकीच्या ग्रिलला बांधायला 3 बाय 2 ची पाटी हवी होती. मी नेहमीचं डिझाइन काढून दाखवलं. गुलाबी रंग, साडीतली बाई, खाली 'योग्य दरात, वेळेवर'. त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. "हे सगळ्यांच्याच पाटीवर असतं रे. माझं जरा निराळं आहे."

मग त्यांनी सांगितलं. दोन वर्षं मोतीबिंदू वाढत होता. काठाची टीप वाकडी जायला लागली आणि त्यांच्या लक्षातच आलं नाही. बायकांनी तोंडावर काही म्हटलं नाही, नुसत्या साड्या यायच्या बंद झाल्या. "एखादी भांडली असती तर मला कळलं तरी असतं," त्या म्हणाल्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदा सुईत एका फटक्यात दोरा गेला, तेव्हा त्या एकट्याच मशीनपुढे बसून रडल्या होत्या.

मी ते डिझाइन पुसलं. पांढऱ्यावर काळी अक्षरं, चित्र नाही. 'माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. टीप आता सरळ येते. फॉल, पिको, बिडिंग.' खाली मोबाइल नंबर. 6 चौरस फूट, 20 रुपये दराने 120 रुपये झाले. चार कोपऱ्यांत दोरी ओवायला आयलेट, म्हणजे धातूच्या कड्या, मारून दिले.

चौथ्या दिवशी ती पाटी माझ्या बायकोच्या भिशीच्या ग्रुपवर आली. संध्याकाळी डोंबिवलीच्या मावसभावाने मलाच पाठवली, "हे बघ भारी!" आठवड्यात ती नागपूरहून फिरून परत आली. मी इतकी वर्षं फ्लेक्स छापतोय, पण माझ्या हातचं एवढं लांब कधी गेलं नव्हतं.

असं का होतं, यावर मी खूप विचार केलाय. 2018 च्या ऑगस्टमध्ये पिंपरी-चिंचवडला पिंपळे सौदागरच्या रस्त्यांवर एका तरुणाने प्रेयसीची माफी मागणारे सुमारे 300 फलक लावले होते. एका रात्रीत ती गोष्ट महाराष्ट्रभर झाली. आमच्या धंद्यातले सगळे तेव्हा खर्चाचा हिशेब करत बसले होते. मला मात्र वाटतं, लोक थांबले ते दुसऱ्याचं पत्र उघडं सापडल्यामुळे. 'भव्य सेल' आपल्याला उद्देशून असतो, म्हणून आपण मान फिरवतो. 'सॉरी' दुसऱ्याच कोणासाठी तरी असतं, आणि ते आपण उभं राहून वाचतो. मावशींची पाटीही तशीच होती. ती त्या दोन वर्षांत गप्पपणे निघून गेलेल्या बायकांसाठी होती.

ही ओढ मोबाइलच्या आधीचीच आहे. 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध पितो ही बातमी सकाळी दिल्लीत उठली, आणि त्याच दिवशी बाबा जांभळी नाक्यावर शिडीवर उभे राहून एका दुकानाची पाटी रंगवत असताना खाली चमचे-वाट्या घेऊन रांग लागली. आमच्या चाळीत तेव्हा एकच फोन होता. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं की पृष्ठताणामुळे चमच्यातलं दूध ओढलं जातं आणि पातळ थर होऊन मूर्तीवरून खाली ओघळतं. बाबांनी मला ते घरी पितळी मूर्तीवर करून दाखवलं. पण ते समजावणं रांगेच्या वेगाने पळालं नाही, याचं त्यांना फार वाईट वाटायचं.

पिंपरीच्या त्या गोष्टीत मला एक खुपतं. एवढ्या फलकांवर आपलं नाव चालेल का, हे तिला कोणी विचारलं होतं का? पुढे वर्षभर माझ्याकडे 'तसाच एक बनवा' म्हणत मुलं यायची. मी म्हणायचो, आधी तिला विचारून ये. परत कोणी आलं नाही.

आणि तरी चूक माझ्याच हातून झाली. मावशींचा नंबर मी जाडजूड अक्षरांत टाकला होता. रात्री साडेबाराला सोलापूरहून फोन, पहाटे कोणीतरी 'तुम्ही खऱ्याच आहात का?' विचारायला, खिडकीखाली सेल्फी काढणारी पोरं. बघायला दोनशे येत होते आणि साड्या येत होत्या चार-पाच. त्या कधी तक्रार करायच्या नाहीत, पण फोन पिठाच्या डब्यात ठेवायला लागल्या होत्या, म्हणजे वाजला तरी ऐकू येऊ नये. ते कळल्यावर मी जाऊन पाटी उतरवली आणि नंबराशिवाय नवी छापून लावली. जिला साडी द्यायची आहे, ती मनीषानगरात घर शोधत येतेच.

मापाचं म्हणाल तर, 13 मे 2024 ला घाटकोपरला वादळात होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं, त्यात 17 माणसं गेली. 120 बाय 120 फुटांचं होतं ते, नियमात 40 बाय 40 बसतं. म्हणजे 14,400 चौरस फूट. त्यावर काय मॅटर होतं, हे आमच्या धंद्यातल्या एकालाही आठवत नाही. मी विचारून पाहिलंय. तेव्हापासून 10 बाय 10 च्या वरचं काम मी परवानगीचा कागद बघितल्याशिवाय घेत नाही. त्यापायी दोन मोठी गिऱ्हाइकं गेली.

तो फॉरवर्ड आला त्या संध्याकाळी बायको बराच वेळ काही बोलली नाही. मग कपाटातून तिची हिरवी काठापदराची साडी काढून तिने मला दाखवली. फॉलची टीप एका बाजूने पार काठावर चढली होती. गप्पपणे निघून गेलेल्यांत हीसुद्धा होती, आणि मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती साडी घेऊन गेली. मावशींनी काठ उलटा केला, उजेडात धरला, बोटाने टीप चाचपली. "माझीच आहे," म्हणाल्या, आणि तिथेच बसून उसवायला घेतली. पैसे घेतले नाहीत.