शेवटचा बॉल
साताऱ्यातल्या गोडोलीत माझं गॅरेज आहे. कधीकाळी श्रीपेरंबुदूरजवळच्या 3.7 किलोमीटरच्या मद्रास ट्रॅकवर चार हंगाम मोटरसायकल पळवली, त्या भांडवलावर पोरं अजून सल्ला मागायला येतात.

त्यातला एक कोइमतूरच्या ट्रॅकवर पहिल्यांदा उतरणार होता. यवतेश्वर घाटात याला कोणी गाठत नाही, असं त्याचे मित्र कौतुकानं सांगायचे. घाटात शर्यती लावणाऱ्याची गाडी मी कामाला घेत नाही. याला दोनदा हाकललं होतं. तिसऱ्यांदा आला तो लेदर सूट आणि रेसच्या फीची पावती घेऊन. मग काय बोलणार?

रविवारी सकाळी एमआयडीसीतल्या एका बंद शेडपुढचं काँक्रीटचं आवार मालकाला विचारून घेतलं. बारीक वाळू झाडून काढण्यातच तास गेला. नऊ मीटर रुंदीचं, डावीकडे पूर्ण फिरवणारं वळण आणि पुढे ऐंशी मीटर सरळ. कडा आखल्या कबड्डीच्या मैदानाला टाकतात त्या फक्कीनं. मधे मात्र चिमूटभरही पडू दिली नाही, कारण फक्कीवर टायर साबणावर पाय पडावा तसं सटकतं. आतल्या कडेला खुणेसाठी अर्धे कापलेले टेनिस बॉल ओळीनं उपडे ठेवले.

समोरून एसटी येईल म्हणून डावी बाजू सोडायची नाही, ही घाटातली सवय त्याच्या हाडात मुरलेली. रस्त्यावर तीच बरोबर. ट्रॅकवर मात्र अख्खी रुंदी आपली असते. तो सुरुवातीलाच आत चिकटायचा, मग गाडी बाहेर फेकली जायची आणि फक्की जवळ आली की रेस सोडायचा. स्टॉपवॉचवर 9.8 सेकंद.

मी माझा जुना धडा दिला. उजव्या कडेनं ये, गाडी सरळ असताना ब्रेक संपव, उशिरा वळव, शेवटचा बॉल गाठ, झुकलेली गाडी सरळ करून रेस दे. दिसायला सुरेख. घड्याळात 10.1. पुन्हा 10.0.

"आण्णा, माझंच चुकत असंल."

त्याचं काही चुकत नव्हतं. त्यानं मी सांगितलेलं तंतोतंत केलं होतं, घोळ तिथंच होता. शेडच्या पायरीवर थर्मासमधला चहा घेत बसलो तेव्हा उजेड पडला. मी ही लाईन, म्हणजे वळणातली गाडीची वाट, शिकलो ते 600 सीसीवर. त्या गाडीचा वेग वळणात मारला तरी बाहेर पडताना ती एका मुठीत खेचून नेते. याची 165 सीसी. एकदा इंजिनाचे फेरे, म्हणजे आरपीएम, पडले की ते चढेपर्यंत सरळ रस्ता संपत येतो. तिला वेग सांभाळून गोल फिरायला हवं. झुकाव तोच ठेवला तर वेग त्रिज्येच्या वर्गमुळानं वाढतो: 45 अंशांना 40 मीटर त्रिज्येवर कागदावर ताशी 71 किलोमीटर येतात, 80 मीटरवर 101. मोटोजीपीच्या जागतिक शर्यतींतला यामाहावरचा लोरेन्झो असाच वाहत जायचा. टीव्हीवर शंभरदा बघितलं, पण समोरच्या गाडीला लावून बघायचं सुचलं नव्हतं.

वळवायची खडूची खूण दोन पावलं अलीकडे आणली. एपेक्सचा, म्हणजे गाडी आतल्या कडेच्या सगळ्यात जवळ येते तिथला, बॉल शेवटून उचलून वळणाच्या मध्याच्या जरासा पुढे ठेवला. ब्रेकही आधी संपवायचा नाही, गाडी झुकत जाईल तसा हळूहळू सोडायचा. हे जमायला त्याला पंधरावीस फेऱ्या लागल्या. एकदा पुढचं चाक जरासं घसरलं आणि माझ्या हातातला कप पडला.

9.3.

"लई हळू वाटतंय पण," तो हेल्मेट काढत म्हणाला. खरं वाटेना म्हणून स्टॉपवॉच हातात घेऊन बघितलं. आधी तो प्रत्येक फेरीला घाबरत होता आणि त्या घाबरण्यालाच वेग समजत होता.

संध्याकाळी मी आधीच्या दोन पोरांना फोन लावले. दोघंही 165 वरच पळतात. दोघांनाही मी शेवटचा बॉल दाखवला होता.