आवाज दबी गया

सीडी वाचायला ड्राइव्ह कोणता घेऊ आणि स्पीकरच्या क्रॉसओव्हरमध्ये कपॅसिटर कोणता टाकू, हे दोन्ही प्रश्न मला बहुतेक वेळा एकाच माणसाकडून येतात. जळगावच्या गोलाणी मार्केटात चहा पिताना कुणी गाठलं तरी हेच. माणूस पन्नाशीचा, घरात दोनेकशे सीडी, नव्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही आणि माळ्यावर एक जुनी स्पीकरची जोडी. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर सांगतो. पण उत्तर जरा उलटं आहे: आधी काहीच घेऊ नका.

गेल्या श्रावणाच्या आधी पारोळ्याहून नानांचा फोन आला. "स्पीकर ना आवाज दबी गया रे भो." त्यांना घरातल्या बायकांनी म्हटलेली कानबाईची, म्हणजे श्रावणात आमच्या खान्देशात बसवतात त्या देवीची, गाणी ऐकायची होती. कॅसेटवरून २००४ मध्ये सीडीवर घेतलेली, आणि भाच्याने हल्लीच लॅपटॉपवर उतरवून दिलेली. नाना नवे स्पीकर घ्यायच्या तयारीत होते. मी म्हटलं, थांबा, येतो.

वूफरचे, म्हणजे पेटीतल्या मोठ्या स्पीकरचे, चार स्क्रू काढले, आतला कापूस बाजूला केला, तर मागच्या भिंतीला ठोकलेली तळहाताएवढी पट्टी. हाच क्रॉसओव्हर. जाड आवाज वूफरकडे आणि बारीक आवाज ट्वीटरकडे, म्हणजे छोट्या स्पीकरकडे, पाठवायचा, एवढंच त्याचं काम. यात ट्वीटरच्या वाटेवर जाड आवाज अडवणारा एकच इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर होता, वर छापलेलं ६.८ मायक्रोफॅरड. सुटा करून मीटरला लावला तर एका पेटीत ६.१, दुसरीत ४.९. ट्वीटर किती हर्ट्झपासून बोलेल याचा हिशोब सोपा आहे: १,५९,००० ला ट्वीटरचे ओहम आणि कपॅसिटरचे मायक्रोफॅरड यांच्या गुणाकाराने भागा. ८ ओहमला ६.८ असेल तर ट्वीटर साधारण २९०० हर्ट्झपासून बोलतो, ४.९ वर आला की ४००० च्या पुढे. शिवाय असा कपॅसिटर सुकला की त्याचा आतला रोध वाढतो, म्हणजे ट्वीटर वरच्या सुरापासून बोलतो आणि हळूही बोलतो. आणि दोन पेट्यांत फरक पडला की मधोमध ऐकू यायला हवा तो गळा एका बाजूला सरकतो. नानांना वाटत होतं, डाव्या कानाला कमी येतं.

सुकला कसा, हे आपल्या भागात सांगायला नको. या कपॅसिटरच्या पोटात ओला द्रव असतो, आणि ढोबळ नियम असा की १० अंश उष्णता वाढली की त्याचं आयुष्य निम्मं होतं. पेट्या वर्षानुवर्षं पत्र्याखालच्या माळ्यावर. बाहेर मे महिन्यात ४५ अंश, पत्र्याखाली किती ते माळ्यावर चढून बघा.

त्याच मापाचे दोन पॉलिप्रॉपिलीन फिल्म कपॅसिटर टाकले. जोडीला साडेतीनशे रुपये पडले. आकाराने ते जुन्याच्या तिप्पट, पट्टीवर मावेनात, म्हणून केबल टायने बांधून खाली गोंद लावला, नाहीतर वूफरच्या दणक्याने खडखडतात. दोन्ही पेट्यांत एकदमच बदलायचे, एकीत नको. फिल्मचा आतला रोध फार कमी असतो, म्हणून काही स्पीकर थोडे तिखट वाटतात. तसं झालं तर अर्ध्या-एक ओहमचा रोध ओळीत टाकायचा. माप मात्र बदलायचं नाही. "४.७ ऐवजी १० टाक, मस्त वाजेल" म्हणणाऱ्याला ट्वीटर जाळायचा आहे. टीव्हीच्या बोर्डावरचा प्लस-मायनसवाला कपॅसिटर तर चालतच नाही. आमचे जुने मेकॅनिक असे दोन १० चे मायनसला मायनस जोडून ५ करायचे. तो जुगाड चालतो, पण तात्पुरता. क्रॉसओव्हरवर वूफरच्या वाटेत तारेची कॉइल असते, तिला मी हात लावत नाही. जाड तारेची नवी कॉइल म्हणजे कमी रोध, आणि मूळ स्पीकर बनवणाऱ्याने तो रोध धरूनच खर्ज बसवलेला असतो.

गाणी लावली. आवाज उघडला, गळा मधोमध आला. आणि सातव्या गाण्यात टक्-टक् सुरू झालं. नाना माझ्याकडे बघायला लागले. नवा कपॅसिटर खराब, हा आरोप तोंडावर येऊन थांबला होता.

फाइल हेडफोनवर लावली, तिथेही टक्-टक्. म्हणजे दोष सीडी उतरवतानाचा. इतके दिवस दबलेल्या ट्वीटरने तो झाकून ठेवला होता, एवढंच.

इथे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. डेटाच्या सीडीवर चूक दुरुस्त करायचा एक जादा थर असतो, तिथे वाचता आलं नाही तर कॉम्प्युटर सरळ नाही म्हणतो. गाण्यांच्या सीडीला तो थर नाही. हुकलेल्या जागी ड्राइव्ह अंदाजाने काहीतरी भरतो आणि पुढे जातो. कॉपी झाली असं दिसतं, तक्रार कुठेच नाही. म्हणून ५२ एक्स, म्हणजे गाणं वाजण्याच्या वेगाच्या ५२ पट, हा आकडा बघून ड्राइव्ह घेऊ नका. तो वेग सीडीच्या बाहेरच्या कडेलाच मिळतो, आणि आपल्याला उलट हळू वाचायचं आहे, ८ एक्स किंवा त्याहून कमी. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारख्या प्रोग्रॅममध्ये 'सिक्युअर' पद्धत असते, तीच जागा पुन्हा पुन्हा वाचून ताडणारी, ती लावा. बाजारात विकत घेतलेल्या सीडीची उतरवलेली फाइल ॲक्युरेटरिप या इंटरनेटवरच्या साठ्यात इतरांच्या फाइलशी ताडता येते. घरची सीडी तिथे कुठून असणार? तिच्यासाठी दोन वेगवेगळे ड्राइव्ह लागतात. दोघांनी दिलेली फाइल तंतोतंत जुळली की बस. जुळलेल्या फाइलचा आवाज महागड्या ड्राइव्हने गोड होत नाही, कुणी कितीही शपथा घेवोत.

दुसरा ड्राइव्ह विकतच हवा असं नाही. भंगारातल्या डेस्कटॉपचा साटा जोडणीचा ड्राइव्ह मला लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हपेक्षा भरवशाचा वाटतो. फक्त त्याला ५ बरोबर १२ व्होल्टही लागतात, म्हणून लॅपटॉपच्या हार्डडिस्कची यूएसबी वायर त्याला चालत नाही. वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेली वायर मागा. ट्रे उघडत नसेल तर बहुधा आतला रबरी पट्टा उन्हाने सैल झालेला असतो. समोरच्या बारीक भोकात पेपरक्लिप सरळ करून घाला, ट्रे बाहेर येतो.

नानांचं सातवं गाणं माझ्या भंगारातल्या ड्राइव्हने ४ एक्सवर स्वच्छ दिलं. अकराव्यात दोन सेकंद अजून जुळत नाहीत, दर वेळी वेगळंच काहीतरी येतं. नंदुरबारला एका ओळखीच्याकडे आणखी जुना ड्राइव्ह आहे. नाना म्हणतात, यंदा कानबाई बसायच्या आत जाऊन ये.