सुधारित अंदाजपत्रक आणि दायित्वाची यादी : माझा अनुभव

स्वनिधीचं, म्हणजे जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नाचं, सुधारित अंदाजपत्रक यंदा मंजूर झालं. पण त्यातल्या एका यादीपायी जो मनस्ताप झाला तो अजून डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागात अंदाजपत्रकाचं टेबल माझ्याकडे आहे. इतर जिल्ह्यांत हेच टेबल सांभाळणाऱ्यांना आणि नव्याने निवडून आलेल्या सदस्यांना याचा उपयोग व्हावा.

मार्चमध्ये मंजूर होतं ते मूळ अंदाजपत्रक. त्यातले बरेच आकडे मागच्या वर्षावरून बांधलेले असतात. ३० सप्टेंबरला अर्धं वर्ष सरतं, पंचायत समित्यांचे मासिक लेखे येतात आणि खरी जमा किती, खरा खर्च किती हे कागदावर दिसायला लागतं. मग महसुली (नेहमीची जमा आणि खर्च) आणि भांडवली (ठेवी, अनामत यांसारख्या रकमा), दोन्ही बाजू पुन्हा मांडायच्या. मूळ तरतूद, सहा महिन्यांचा प्रत्यक्ष, उरलेल्या सहा महिन्यांचा अंदाज आणि सुधारित तरतूद, असे रकाने. तक्ता साधा आहे. त्यात भरायचे आकडे मिळवणं साधं नाही.

जमेची बाजू लवकर उरकली. जमीन महसुलावरचा आणि पाणीपट्टीवरचा उपकर, मुद्रांक शुल्काचं अनुदान, मुदत ठेवींवरचं व्याज, यांवरच स्वनिधीची मुख्य भिस्त. इथे एकच सांगते. सहा महिन्यांचा आकडा दुप्पट करून सुधारित अंदाज म्हणून धरू नका. मुद्रांक शुल्काचं अनुदान शासनाकडून येतं ते कधी थकलेलं एकदम, कधी महिनोन्महिने नाहीच. व्याज ठेवीची मुदत संपली की जमा होतं. मी ठेवींचं रजिस्टर घेऊन कोणत्या ठेवीची मुदत कधी संपते ते तारखेनिशी मांडलं, त्यामुळे व्याजाच्या आकड्यावर कोणी बोट ठेवलं नाही. योजनेच्या पैशावरचं व्याज मात्र बिनदिक्कत स्वनिधीत धरू नका, आधी त्या योजनेचा शासन निर्णय उघडून पाहा.

गाडं अडलं ते खर्चाच्या बाजूला. मागच्या वर्षांत सुरू झालेल्या आणि अजून पूर्ण पैसे न दिलेल्या कामांची देणी म्हणजे दायित्व. ते आधी वजा केल्याशिवाय नव्या कामाला किती पैसे उरतात हे कळतच नाही. बाकी विभागांनी आपापले तक्ते थोड्याफार उशिराने दिले. एका तांत्रिक विभागाने दिलं ते एका ओळीचं पत्र. 'या विभागाचे दायित्व पुढीलप्रमाणे आहे' आणि खाली एकच आकडा, शेवटी सगळी शून्यं. सोबत यादी नाही, कामाचं नाव नाही, कार्यारंभ आदेशाची तारीख नाही. आणि तो आकडा इतका मोठा की धरला असता तर त्या लेखाशीर्षावर (खर्चाच्या त्या खात्यावर) नवीन कामाला एक रुपयाही उरला नसता.

कामनिहाय यादी मागितली. 'उपविभागांकडून माहिती मागवली आहे,' असं उत्तर आलं. पुन्हा विचारलं तर तेच. संबंधित लिपिक म्हणाले, "मॅडम, दर वर्षी एवढंच देतो, कधी कोणी विचारलं नाही." मला खरा राग आला तो या वाक्याचा. कारण ते खरं होतं. २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि प्रशासक आले, तेव्हापासून सभागृहात उठून 'हे दायित्व कुठल्या कामाचं?' असं विचारणारं कोणी नव्हतं. अर्थ समितीही नव्हती. अशा वेळी प्रश्न विचारायचं काम अर्थ विभागाचंच असतं, आणि आम्ही ते टाळलं तर आकडा तसाच वर्षानुवर्षं पुढे ओढला जातो.

स्मरणपत्रं गेली. कॅफो (मुख्य लेखा व वित्त अधिकारी) साहेबांनी स्वतः फोन केला. सीईओंच्या (मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या) समन्वय सभेत विषय निघाला, 'लवकरच सादर करतो' असं इतिवृत्तात नोंदलं गेलं आणि पुन्हा शांतता. यादीसाठी पाठवलेला विहित नमुना, म्हणजे ठरलेला कोरा तक्ता, तीन तालुक्यांतून रिकामाच परत आला, वर 'माहिती निरंक', म्हणजे काहीच नाही, असा शेरा. ज्या तालुक्यात रस्त्याची कामं डोळ्यासमोर चालू आहेत तिथून निरंक!

मग मी उलट्या बाजूने सुरुवात केली. कोणतंही देयक आमच्याकडे तपासणीला आल्याशिवाय निघत नाही. म्हणजे कोणत्या कामावर आजवर किती पैसे गेले हे आमच्याच देयक नोंदवहीत होतं. ती नोंदवही आणि कार्यारंभ आदेशांच्या आमच्याकडे आलेल्या प्रती घेऊन मी आणि आमचे कनिष्ठ सहायक, आम्ही दोघांनी कामनिहाय यादी स्वतः तयार केली. प्रत्येक कामापुढे प्रशासकीय मान्यतेची रक्कम, निविदेची रक्कम, दिलेली रक्कम आणि बाकी. संध्याकाळी सगळं कार्यालय रिकामं झाल्यावर बसायचो. यादी झाली आणि तो मोठा आकडा कसा तयार झाला होता ते आपोआप उघडं पडलं.

पहिली गोष्ट म्हणजे दायित्व प्रशासकीय मान्यतेच्या रकमेवर काढलं होतं. समजा, काम १० लाखांना मंजूर झालं, निविदा १२ टक्के कमी दराने गेली, तर द्यायचे आहेत ८ लाख ८० हजार. त्यातले ५ लाख दिले असतील तर बाकी राहते ३ लाख ८० हजार. पत्रात अशा कामाची बाकी ५ लाख धरलेली असते. कमी दराच्या निविदेतून वाचलेला पैसा असा दायित्वातच लपून राहतो. दुसरी गोष्ट, अंतिम देयक दिलेली कामंही यादीतून काढलेली नव्हती. तिसरी मला सर्वात खटकली. ठेकेदाराच्या देयकातून कापलेली सुरक्षा अनामत पुन्हा दायित्वात धरली होती. देयक पास होतं तेव्हा खर्च पूर्ण रकमेचा पडतो आणि कापलेली अनामत भांडवली बाजूला ठेव म्हणून जमा होते. दोष दायित्व कालावधी (कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत) संपल्यावर ती परत करायची असते, पण तिथूनच. कामाच्या लेखाशीर्षावर तिचा बोजा पुन्हा येत नाही. महसुली आणि भांडवली बाजू वेगळ्या का ठेवतात हे ज्याला समजून घ्यायचं आहे त्याने एखाद्या कामाची अनामत सुरुवातीपासून शेवटपर्यंत माग काढून पाहावी.

ही भरलेली यादी उपविभागांना पाठवली आणि लिहिलं, 'अर्थ विभागाच्या अभिलेखानुसार स्थिती अशी आहे, फरक असल्यास मोजमाप पुस्तिकेच्या संदर्भासह कळवावे, अन्यथा हीच अंतिम समजण्यात येईल.' जे रिकाम्या नमुन्यावर महिनाभर हलले नाहीत ते भरलेल्या यादीवर लगेच हलले. एक उपअभियंता स्वतः मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाच्या मापांची वही, काखेत घेऊन आले. दोन कामांची मोजमापं झाली होती, देयक अजून आमच्याकडे आलं नव्हतं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आम्ही ती बाकी धरली. समोरासमोर बसून, पानावर बोट ठेवून केलेलं ते काम मला सगळ्यात समाधानाचं वाटलं. शेवटी विभागप्रमुखांची सही असलेली यादी हातात पडली आणि त्यातलं दायित्व पहिल्या पत्रापेक्षा बरंच खाली होतं. सुटलेली रक्कम पुनर्विनियोजनाने, म्हणजे एका लेखाशीर्षावरची तरतूद दुसऱ्याकडे फिरवून, शाळा दुरुस्तीच्या लेखाशीर्षाकडे वळवता आली. याचा मला अभिमान आहे, आणि ते लिहायला संकोच वाटत नाही.

म्हणून रिकामे नमुने पाठवू नका, भरलेले पाठवा. विभागाकडून येणारा एका ओळीचा आकडा स्वीकारूच नका, मग पत्रावर कितीही मोठी सही असो. सदस्यांनीही सभेत बेरीज विचारू नये, यादी मागावी.

मधेच आठवलं. स्वनिधीचं उत्पन्न सुधारित अंदाजात वाढलं तर समाजकल्याणाचे २० टक्के, महिला व बालकल्याणाचे १० टक्के आणि दिव्यांगांचे ५ टक्के हे राखीव हिस्सेही त्या प्रमाणात वाढवावे लागतात. घाईत हे राहून जातं आणि पुढे लेखापरीक्षणात परिच्छेद, म्हणजे लेखी आक्षेप, निघतो. मागच्या वर्षी न खर्चलेला हिस्साही वेगळा दाखवा, तो चालू वर्षाच्या तरतुदीत मिसळू नका.

शासनाच्या योजनांचा आणि जिल्हा नियोजन समितीचा निधी या आढाव्यात स्वतंत्र ठेवा. तो खर्चायला जिल्हा परिषदेला पुढच्या आर्थिक वर्षाच्या अखेरपर्यंत मुदत असते, स्वनिधीचं गणित वेगळं. दोन्ही एकत्र केले की शिल्लक फुगलेली दिसते आणि नको त्या कामांच्या मागण्या सुरू होतात.

मंजुरी मिळाली की सुधारित तरतुदींची प्रत सगळ्या विभागांना आणि पंचायत समित्यांना ठरावासोबतच पाठवा. नाहीतर जुन्या तरतुदीवर देयकं येत राहतात आणि ती परत करताना वाद होतो. त्या तांत्रिक विभागाला आम्ही सोबत आणखी एक पत्र दिलं आहे. दायित्वाची तीच यादी आता दर महिन्याला, देयकं पास झाल्यावर, दोन्ही कार्यालयांनी मिळून अद्ययावत करायची. पहिल्या महिन्याची यादी त्यांच्याकडून वेळेत आली, सही-शिक्क्यासह.