वांग्याचे चुलतभाऊ

फुलावर आलेली कोथिंबीर कुणी घेत नाही. भाजीवालीही ती जुडी पोत्यामागे सारून ठेवते. परवा दुपारी मंडईत गर्दी नव्हती, मी ती मागून घेतली, तर "राहू द्या ताई, ती गाईला," म्हणत ती पैसेच घेईना. घरी आणून पेल्यात उभी केली आणि चहाचं आधण विसरून बघत बसले.

कोथिंबिरीचं एक फूल तांदळाच्या कणीएवढं. देठाच्या टोकाला काड्या फुटतात, त्या काड्यांना पुन्हा बारीक काड्या, आणि त्यांच्या टोकांवर फुलांची सपाट चकती. कडेच्या फुलांची गंमत अशी, की त्यांच्या बाहेरच्या बाजूच्या पाकळ्या चांगल्या लांब आणि आतल्या आखूड. एकेक फूल वेगळं काढलं तर वाकडं दिसतं. सगळी मिळून मात्र एकच मोठं नीटस फूल असल्याचा देखावा करतात. शेपूचं बघा, ओव्याचं बघा, बडीशेपेचं बघा. रंग बदलेल, ठेवण तीच.

मला नाती लावायची खोड आहे. माणसांची नव्हे, ती आजीची. दारात कुणीही आलं की पाण्याचा तांब्या पुढे करताकरता ती "कुणाकडचे?" विचारायची, आणि तिसऱ्या प्रश्नाला तो माणूस कुणाच्या तरी नणंदेचा पुतण्या निघायचाच. मी हेच झाडांना विचारत हिंडते. एसटीच्या खिडकीतून, मंगळागौरीच्या पत्रीत, लोकांच्या ओट्यापाशी उभी राहून. लोकांकडे गेल्यावर हे बरं दिसत नाही, हे मला ठाऊक आहे.

कोथिंबिरीचं खातं मात्र लहानपणीच उघडलं होतं. आमच्या परसात आण्णा, म्हणजे आजोबा, वाफा करायचे. धने पेरायच्या आदल्या दिवशी ते अंगणात गोणपाट अंथरायचे, त्यावर धने पसरायचे आणि पायातली वहाण काढून हातात घेऊन तिने ते चोळायचे. धना चोळून दोन फाकी झाल्याशिवाय नीट उगवत नाही, असं त्यांचं म्हणणं. आजी ओसरीवरून ओरडायची, "पोटात जायचं त्याला वहाण लावता?" आण्णा मान वर न करता, "पोटात नाही, मातीत जायचंय." दरवर्षी हाच संवाद, जवळजवळ त्याच शब्दांत. एकदा आजीने वहाणेऐवजी जुना पाट आणून दिला. आण्णांनी त्यानेही चोळून पाहिलं, निम्मे धने पिठासारखे झाले आणि निम्मे पळाले. पुढच्या वर्षी वहाण परत आली. आजीने त्या दिवशी अंगणाकडे पाठ करून बसायचं, एवढी तडजोड झाली.

आण्णांचं बरोबर होतं. आपण ज्याला धना म्हणतो ते बी नव्हेच, ते अख्खं फळ. त्यात दोन अर्धुकं समोरासमोर चिकटून बसलेली असतात आणि प्रत्येकात एकेक बी. जिऱ्याचंही तसंच, ओव्याचंही तसंच. भिंग असेल तर फोडणीच्या डब्यातलं जिरं जरूर बघा. प्रत्येक अर्धुकाच्या पाठीवर पाच उभ्या कडा असतात, आणि मधल्या खोबणींखाली तेलाच्या बारीक नळ्या. घरभर पसरतो तो वास त्या नळ्यांतला. गाजर याच घरातलं, आणि हिंगही. हिंग म्हणजे मुळाला छेद दिल्यावर पाझरणारा चीक. तो आपण पिढ्यान्‌पिढ्या इराण-अफगाणिस्तानातून आणत आलो. आपल्याकडे, हिमाचलातल्या लाहौलच्या खोऱ्यात, त्याची रोपं पहिल्यांदा लावली गेली ती २०२० साली. म्हणजे आमटीला जिऱ्या-हिंगाची फोडणी द्यायची, धन्याची पूड घालायची आणि वरून कोथिंबीर भुरभुरवायची, हा सगळा एकाच भाऊबंदकीचा कार्यक्रम.

दुसरं घर ओळखायला आणखी सोपं. शाळेत जास्वंद उभी चिरायला देतात, त्यामुळे मधोमध ती केसरांची लांब नळी सगळ्यांनी पाहिलेली असते. तीच नळी, आखूड होऊन, भेंडीच्या फुलात आहे, अंबाडीच्या आहे, कपाशीच्या आहे. आणि फूल नसलं तरी बोटांना कळतं: भेंडी चिरताना जो बुळबुळीतपणा येतो तोच केसांना लावायला जास्वंदीची पानं कुटली की येतो.

चाफ्यांचं मात्र विचारू नका. पांढरा चाफा कण्हेरीच्या नात्यातला, हिरवा चाफा सीताफळाच्या, भुईचाफा हळदीच्या. सोनचाफा त्यांच्यापैकी कुणालाच ओळखत नाही. सगळे नुसते आडनावबंधू.

हे असं जुळवून ठेवावं, तर वर बसलेली मंडळी घरंच मोडतात. १९९८ साली वनस्पतिशास्त्रज्ञांच्या एका गटाने डीएनएचा आधार घेऊन फुलझाडांची कुळं नव्याने मांडली आणि नंतरही ते वरचेवर दुरुस्त्या करत आले. काटेसावरीचं स्वतंत्र बिऱ्हाड होतं, ते जास्वंदीकडे गेलं. रुईचं घर कण्हेरीत विलीन झालं. कांद्याला लिलीकडून हलवलं. सागवान तर त्याच्या थोडा आधीच निगडीला, म्हणजे निर्गुडीला, घेऊन तुळशीच्या घरात राहायला आला होता. अंगणातली तुळस आणि दाराची चौकट सख्खी नसली तरी नात्यातली, हे ऐकून आजीने काय म्हटलं असतं कोण जाणे. बहुधा "मला वाटलंच होतं" म्हणाली असती.

पण मला सगळ्यांत जास्त आवडतं ते वांग्याचं घर. वांग्याचं फूल म्हणजे जांभळी, जराशी चुरगळलेली चांदणी आणि मध्ये पिवळ्या केसरांचा सुळका. बटाट्याच्या शेतात फुलं आली की हेच फूल, पांढरट किंवा फिकट जांभळं. टोमॅटोचं तेच, पिवळं करून. मिरचीचं पांढरं, खाली मान घातलेलं. रस्त्याकडेच्या काटेरिंगणीचं तर इतकं हुबेहूब, की काटे दिसेपर्यंत कुणीतरी वांग्याचं रोप टाकून दिलंय असंच वाटावं. या घरात आपला जुना रहिवासी वांगं. बटाटा, टोमॅटो, मिरची आणि तंबाखू हे चौघं अमेरिकेतले. पोर्तुगीज या किनाऱ्याला लागेपर्यंत वांग्याला त्यांची गंधवार्ता नव्हती. तोवर इथे तिखट म्हणजे मिरी, नाहीतर पिंपळी. आता लग्नाच्या पंगतीतला वांगी-बटाट्याचा रस्सा डोळ्यांसमोर आणा. वांगं, बटाटा, रश्शाला टोमॅटो, वर मिरचीचा तवंग. लाखो वर्षांपूर्वी वेगळे झालेले, समुद्राच्या दोन बाजूंना वाढलेले चुलतभाऊ एका पातेल्यात रटरटत असतात. जेवण झाल्यावर मांडवामागे जाऊन काकालोक चिमूटभर तंबाखू मळतात, तेव्हा पाचवाही पोचतो.

हे मी एका पंगतीत शेजारणीला सांगितलं होतं. तिने ऐकून घेतलं आणि जिलेबी मागवली.

या घरात आणखी एक जण आहे, त्याला पंगतीत बसवत नाहीत. धोतरा. महाशिवरात्रीला त्याची काटेरी फळं पिंडीवर ठेवायची आणि घरी येऊन हात धुवायचे, एवढाच त्याच्याशी संबंध. तशी जिऱ्या-धन्याच्या घरातही एक काळी बाजू आहे. सॉक्रेटिसला प्यायला दिलेलं विषारी हेमलॉक त्याच कुळातलं. पण ते दूर ग्रीसमध्ये. धोतरा इथला, उकिरड्यावरचा, कुणालाही फुकट मिळणारा. त्याच्या बिया घातलेलं अन्न वाटसरूंना खाऊ घालायचं आणि ते भ्रमिष्ट होऊन पडले की लुटायचं, हा या देशातल्या रस्त्यांवरचा जुना धंदा. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी दप्तरांत त्याच्या नोंदी आहेत.

धोतऱ्याची बी दिसायला मिरचीच्या बीसारखी असते. चपटी, मूत्रपिंडाच्या आकाराची. म्हणून डॉक्टर होणाऱ्या मुलांना न्यायवैद्यकात या दोन्ही बिया ओळखायला शिकवतात. मिरचीची पातळ, पिवळी, गुळगुळीत. धोतऱ्याची जाड, तपकिरी, खड्ड्याखड्ड्यांची. तरीही शंका असेल तर बी उभी कापायची. मिरचीच्या बीत गर्भाचं टोक आत वळलेलं असतं, धोतऱ्याच्या बीत बाहेर. मेलेल्या माणसाच्या पोटातून काढलेली बी टेबलावर असते, आणि ती त्याने खाल्लेल्या ठेच्यातली की दुसऱ्या कुणी घातलेली, एवढंच त्या वाकलेल्या टोकावरून ठरवायचं असतं.